खुंबूची वाट आणि २०१२ चा मे महिना

२०१२ च्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एव्हरेस्टच्या नेपाळकडच्या बेस कॅम्पवर रसेल ब्राइस या न्यूझीलंडच्या मोहीमप्रमुखाने आपली सगळी मोहीम गुंडाळली. शिखराचा मोसम अजून सुरूही झाला नव्हता. पैसे भरून आलेले गिर्यारोहक तयारीत होते, प्राणवायूच्या नळकांड्या वर पोचत होत्या. ब्राइसचं म्हणणं एवढंच होतं, की एव्हरेस्टच्या पश्चिम खांद्यावर लटकलेला बर्फाचा एक प्रचंड कडा खुंबू आइसफॉलमधल्या वाटेच्या नेमका वर आहे, आणि त्याच्याखालून आपल्या शेर्पांना रोज ये-जा करायला लावणं त्याला परवडणारं नाही. 'परवडणारं' हा शब्द इथे पैशांबद्दलचा नाही. पैशांच्या हिशेबात तर त्याचं नुकसानच झालं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, शनिवार १९ मे रोजी, पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे आठ गिर्यारोहक एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालची ही नागरी मोहीम होती. तिच्यामागे ना लष्कर होतं ना निमलष्करी दल, होत्या त्या देणग्या आणि वर्षानुवर्षांची सह्याद्रीतली उमेदवारी. मराठी वर्तमानपत्रांनी पहिली पानं दिली, मिरवणुका निघाल्या, सत्कार झाले. ते सगळं योग्यच होतं.

पण आपल्याकडे मराठी गिर्यारोहणाचा इतिहास लिहिताना दुसरी घटना येते आणि पहिली येत नाही. दोन्ही एकाच हिमनदीवर, एकाच मोसमात, एकाच कड्याखाली घडलेल्या आहेत. त्या शेजारी ठेवून पाहिल्या की शिखराच्या छायाचित्रात न दिसणारा एक प्रश्न समोर येतो: त्या वर्षी वाटेची अवस्था काय होती, आणि ती कुणी, कशी वाचली?

आधी ही वाट म्हणजे काय ते सांगायला हवं. बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे. त्याच्यावर वेस्टर्न कूम नावाचं बर्फाचं लांबलचक खोरं आहे, आणि त्या खोऱ्यातली हिमनदी जिथे काठावरून खाली कोसळते तो भाग म्हणजे आइसफॉल. नदीला धबधबा, तसा हिमनदीला आइसफॉल. फरक इतकाच, की इथे पाण्याच्या जागी दोन-तीन मजली इमारतींएवढे बर्फाचे ठोकळे आहेत आणि ते पडताना एकेक क्षण नाही, दिवसेंदिवस घेतात. मग अचानक एक क्षणही घेत नाहीत. हा सगळा पसारा दिवसाला साधारण एक मीटर खाली सरकतो. चैत्रात टाकलेली शिडी वैशाखात त्याच जागी नसते. तिच्याखालची भेग रुंदावते, मिटते, कधी शिडीच वाकवून टाकते. (आपली वर्तमानपत्रं आइसफॉललाही 'हिमप्रपात' म्हणतात आणि वरून कोसळणाऱ्या हिमकड्यालाही 'हिमप्रपात'च म्हणतात. इथे घोळ टाळायला पहिल्याला आइसफॉल आणि दुसऱ्याला हिमस्खलन म्हणतो.)

तेव्हा या वाटेचा नकाशा काढून ठेवता येत नाही. ती दरवर्षी नव्याने शोधावी लागते आणि मोसमभर रोज दुरुस्त करावी लागते. हे काम 'आइसफॉल डॉक्टर' म्हणून ओळखली जाणारी शेर्पांची एक लहान तुकडी करते. खुंबूतली सागरमाथा प्रदूषण नियंत्रण समिती त्यांना नेमते. ते गिर्यारोहकांच्या आधी येतात आणि मेअखेरीस सगळ्यांच्या नंतर शिड्या काढून उतरतात.

श्रीवर्धनला बसून हे लिहिताना मला या डॉक्टरांचं काम परकं वाटत नाही. इथून दक्षिणेला, हरिहरेश्वरच्या पलीकडे सावित्रीची खाडी समुद्राला मिळते. उत्तरेच्या बाजूला बागमांडला, पलीकडे बाणकोट. खाडीच्या मुखाशी वाळू साचते आणि पावसाळ्यानंतर ती आदल्या वर्षीच्या जागी नसते. होडी आत घ्यायची वाट पाण्याचा रंग आणि लाटेची फूट बघून तांडेल ठरवतो. गेल्या वर्षीची आठवण त्याला उपयोगी पडते, पण तिच्यावर विसंबून तो नाव घालत नाही. एव्हरेस्टचं आणि आमच्या किनाऱ्याचं वेळापत्रकही एकच आहे, हे मला बरंच उशिरा लक्षात आलं. हिवाळाभर एव्हरेस्टच्या माथ्यावर उंच आकाशातला वेगवान वाऱ्याचा झोत बसलेला असतो. मे महिन्यात तो उत्तरेकडे सरकतो आणि पावसाळी वारे येण्याआधी काही शांत दिवस मिळतात. तेवढीच शिखराची संधी. इकडे १ जूनपासून मासेमारी बंद होते, जीवना बंदरात नावा वर ओढल्या जातात. तिकडे त्याच सुमारास आइसफॉलची वाट बंद होते. दोन्हीकडे वाट पाहिली जाते ती एकाच पावसाची.

हे केवळ कवितेपुरतं साम्य नाही. एव्हरेस्टच्या सुरुवातीच्या मोहिमा अक्षरशः मान्सूनच्या बातम्यांवर चालत. १९३३ च्या ब्रिटिश मोहिमेला कलकत्त्याच्या आलिपूर वेधशाळेतून बिनतारी संदेशाने हवामान कळवलं जात होतं. १९३६ साली मान्सून लवकर आला आणि मोहीम जवळजवळ सुरू होण्याआधीच संपली. १९५३ साली आकाशवाणी आणि बीबीसी मे महिन्यात हंट यांच्या मोहिमेसाठी खास हवामानवार्ता प्रसारित करत होत्या. वरच्या बर्फाची अवस्था खालच्या समुद्रावर ठरते, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं.

खुंबूची वाट मात्र तेव्हा कुणी वाट मानायलाच तयार नव्हतं. १९२१ साली मॅलरीने तिबेटच्या बाजूने खिंडीवरून हा आइसफॉल पाहिला आणि तो फार उभा, फार फुटलेला आहे असं म्हणून नाद सोडला. नेपाळची दारं उघडल्यावर १९५१ साली शिप्टन यांची पाहणी तुकडी आइसफॉलच्या वरच्या टोकापर्यंत गेली, पण एका प्रचंड भेगेने तिला कूममध्ये शिरू दिलं नाही. १९५२ साली स्विस लोक पहिल्यांदा पार गेले. १९५३ च्या मंडळींनी आइसफॉलमधल्या जागांना नावं ठेवली: 'हिलरीज हॉरर', 'हेलफायर अ‍ॅली', 'अ‍ॅटम बॉम्ब'. नावं गमतीची वाटतात, पण ती माहितीसाठी होती. वरून खाली येणाऱ्याने खालच्याला 'अ‍ॅटम बॉम्बजवळ दोर तुटलाय' असं सांगितलं की पुरे. एका अर्थाने वाटेच्या अवस्थेची ती पहिली दैनंदिनीच.

आणि मग मृत्यू सुरू झाले. १९६३ च्या अमेरिकी मोहिमेत जेक ब्राइटनबाख आइसफॉलमध्ये बर्फाची भिंत कोसळून गेला. १९७० साली जपानी मोहिमेचे सहा शेर्पा एकाच दिवशी हिमस्खलनात गेले. १९६५ साली कोहलींच्या भारतीय मोहिमेने नऊ जणांना माथ्यावर पोचवलं ते याच वाटेने. त्या नऊ जणांची नावं शाळेच्या पुस्तकांतून पाठ झालेली माणसं मला भेटली आहेत. १९७० च्या सहा शेर्पांचं एकही नाव सांगणारा भेटलेला नाही. आइसफॉलमधल्या मृतांची यादी काढली तर तिच्यात शिखरवीर थोडे आणि ओझी नेणारे, दोर बांधणारे जास्त. कारण साधं आहे. पैसे भरून आलेला गिर्यारोहक एका मोसमात आइसफॉल पाच-सहा वेळा ओलांडतो. शेर्पा त्याच्या कितीतरी पट.

मराठी माणूस या सगळ्यात उशिरा आला, आणि आला तो बसाल्टवरून. मुंबईची गिरिविहार १९५४ ची, पुण्याची गिरिप्रेमी १९८२ ची. आपली तालीम कातळाची: कोकणकडा, तेलबैला, नागफणी. सह्याद्रीचा कातळ दगाबाज असतो, पण तो जागचा हलत नाही. पावसाळ्यात निसरडा, उन्हाळ्यात तापलेला, कुठे ठिसूळ, कुठे घट्ट. एकदा कळला की कळला. बर्फाचं शिक्षण त्याच्या उलट आहे. तिथे काल कळलेलं आज खोटं ठरतं. म्हणूनच १९८८ साली गिरिविहारने वसंत लिमये यांच्या नेतृत्वाखाली थेट कांचनजुंगावर मोहीम नेली याचं मला आजही आश्चर्य वाटतं. आठ हजार मीटरवरच्या शिखरावर भारतातली नागरी संस्था जाण्याची ती पहिलीच वेळ. शिखर मिळालं नाही आणि संजय बोरोले परत आले नाहीत. पण त्या अपयशी मोहिमेने पुढच्या दोन पिढ्यांना जे शिकवलं ते यशस्वी मोहिमांनी शिकवलं असं मला वाटत नाही.

एव्हरेस्टवर पोचलेला पहिला महाराष्ट्रीय गिर्यारोहक म्हणजे सुरेंद्र चव्हाण, १८ मे १९९८. हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालची ती मोहीम तिबेटच्या बाजूने गेली होती. तिकडे नॉर्थ कोलवरून कड्याच्या धारेने वाट जाते. वारा भयंकर, शेवटच्या टप्प्यावर चिनी मोहिमेने १९७५ साली लावलेली प्रसिद्ध शिडी, पण आइसफॉल नाही. म्हणजे मराठी माणसाने एव्हरेस्ट पाहिलं तेव्हा खुंबूची वाट टाळूनच पाहिलं. मोठ्या संघानिशी त्या वाटेला भिडण्याचं काम गिरिप्रेमीकडे आलं, आणि नेमकं २०१२ साली आलं.

२०१२ चा मोसम कोरडा होता. हिवाळ्यात बर्फ कमी पडलं होतं. ऐकायला हे बरं वाटतं. कमी बर्फ म्हणजे कमी त्रास. पण हिमपर्वतावर बर्फ हे सिमेंट असतं. ल्होत्सेच्या भिंतीवरचं बर्फ आटून खालचा निळा, काचेसारखा कडक थर उघडा पडला आणि वरच्या कातळातले दगड सुटे झाले. कॅम्प तीनकडे जाणाऱ्या दोरांवर दगडांचा मारा सुरू झाला, माणसं जखमी झाली, शेवटी दोर दुसऱ्या ओळीने नव्याने बांधावे लागले. त्यात दिवस गेले. शिखरापर्यंतचे दोर पोचायला १८ मे उजाडला. आणि शांत हवेचा अंदाज होता तो १८ ते २० मे या तीन दिवसांचा.

पुढचं गणित कुणालाही करता यावं. तीन आठवडे खोळंबलेले सगळे संघ एकाच वेळी निघाले. ल्होत्सेच्या भिंतीवर मुंग्यांसारखी लागलेली माणसांची रांग जर्मन गिर्यारोहक राल्फ दुयमोविट्सने टिपली. ते छायाचित्र जगभर गेलं. १९ मे या एका दिवशी २३४ माणसं माथ्यावर पोचली अशी नोंद आहे. त्याच शनिवार-रविवारी उतरताना किमान चार जण गेले, बहुतेक थकव्याने, प्राणवायू संपून, रांगेत ताटकळून. गिरिप्रेमीचे आठ जण त्या दिवशी वर जाऊन खाली सुखरूप आले, ही खरोखर मोठी गोष्ट आहे. गर्दीच्या दिवशी उतरणं हे चढण्यापेक्षा अवघड असतं आणि त्यांनी ते शिस्तीने केलं. संघाला किंमत मोजावी लागली होती ती आधीच: मोहिमेतले रमेश गुळवे यांना पर्वतावर असतानाच पक्षाघाताचा झटका आला, त्यांना खाली आणून उपचार झाले, पण ते वाचले नाहीत.

आता ब्राइसकडे वळू. त्या मोसमात त्याने आधीच खबरदारी घेतली होती. विरळ हवेची सवय करण्याच्या फेऱ्या त्याने आइसफॉलमधून न करता शेजारच्या लोबुचे शिखरावर केल्या, म्हणजे कड्याखालून जाण्याच्या खेपा कमी होतील. तरीही त्याचे अनुभवी शेर्पा आइसफॉलमधून घाबरून परत येत होते. जी माणसं वर्षानुवर्षं हे काम करतात ती घाबरली, हीच त्याच्यासाठी माहिती होती. त्याने मोहीम थांबवली. आणि कडा पडला नाही. मे संपला, जून आला, शेकडो माणसं शिखर गाठून घरी गेली, कडा जागच्या जागी. ब्राइस अति सावध ठरला. त्याचे काही गिर्यारोहक नाराज झाले, बाहेर टीकाही झाली.

१८ एप्रिल २०१४ च्या सकाळी पावणेसातच्या सुमारास पश्चिम खांद्यावरून बर्फाचा तुकडा सुटला. आइसफॉलच्या वरच्या भागात, एका भेगेवरच्या शिडीपाशी, ओझी घेऊन निघालेल्यांची रांग खोळंबली होती. सोळा जण गेले. सगळे नेपाळी कामगार, बहुसंख्य शेर्पा. त्यांतल्या तिघांचे देह सापडलेच नाहीत. सरकारने तातडीची मदत म्हणून प्रत्येकी चाळीस हजार नेपाळी रुपये जाहीर केले तेव्हा बेस कॅम्पवर संतापाचा उद्रेक झाला आणि नेपाळकडचा मोसम तिथेच संपला. गिरिप्रेमीचा संघ त्या वसंतात मकालूवर होता.

तेव्हा २०१२ चा निर्णय कुणाचा बरोबर होता? ब्राइसला द्रष्टा ठरवणं सोपं आहे, पण तेही खरं नाही. कड्याची भीती त्याला २०१२ साली वाटली, आणि बर्फ कोसळलं दोन वर्षांनी. जे गेले त्यांना बेफिकीर म्हणणं तर अन्यायाचंच. त्यांनी वाट वाचली होती, आइसफॉल पहाटेच्या गारठ्यात लवकर ओलांडला होता, शक्य ते केलं होतं. माझं मत असं, की निर्णय बरोबर की चूक हे परिणामावरून ठरवण्याची आपली सवयच इथे लंगडी पडते. दहापैकी नऊ वेळा पडणार नाही असा कडा नऊ वेळा पडत नाही, आणि नवव्या वेळी वर गेलेला माणूस 'वाट सुरक्षित होती' असं सांगत परत येतो. वाट तशी नव्हती. त्याच्या वाट्याला नववी वेळ आली होती, दहावी दुसऱ्या कुणाच्या तरी. हे लिहिताना १९ मेच्या यशाचा रंग मला जरासुद्धा फिका करायचा नाही. उलट त्या यशाची खरी किंमत कळायची तर डोक्यावरचा तो कडाही चित्रात असायला हवा, असं मला वाटतं. आपल्या मोहिमांच्या वृत्तांतांत निधी कसा जमला, सराव कसा झाला, तिरंगा कसा फडकला हे सविस्तर असतं. आइसफॉल किती तासांत ओलांडला, कुठे थांबावं लागलं, कोणत्या दिवशी कुणी जायला नकार दिला, हे क्वचितच. खरं तर पुढच्या संघाला उपयोगी पडणारा भाग तोच.

२०१५ साठी आइसफॉल डॉक्टरांनी वाट पश्चिम खांद्यापासून दूर, मधल्या भागातून नेली. मधली वाट लांब, अधिक भेगांची, अधिक शिड्यांची. वेळ जास्त, वरून पडणाऱ्याचा धोका कमी. पण त्या वाटेची परीक्षा व्हायच्या आतच २५ एप्रिलला भूकंप झाला. या वेळी हिमस्खलन आलं ते समोरच्या पुमोरीच्या बाजूने, आणि आलं थेट बेस कॅम्पवर, जिथे माणूस स्वतःला सुरक्षित समजत होता. आइसफॉलमधली वाट मोडून पडली, वर कॅम्प एक-दोनवर अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने उतरवावं लागलं. त्या वसंतात नेपाळकडून कुणी शिखरावर गेलं नाही.

त्यानंतर गर्दी परतली. २०१९ च्या मेमधलं माथ्याजवळच्या रांगेचं छायाचित्र सगळ्यांना आठवत असेल. त्या वर्षी उतरताना गेलेल्यांत महाराष्ट्रातले गिर्यारोहकही होते. त्याच मे महिन्यात, १५ तारखेला, गिरिप्रेमीचे दहा जण कांचनजुंगावर पोचले. एकतीस वर्षांपूर्वी मुंबईकरांना जे शिखर मिळालं नव्हतं तेच. त्याची बातमी मात्र एव्हरेस्टच्या रांगेखाली दबून गेली.

आमच्या समुद्राचा आणि त्या बर्फाचा संबंध २०२१ साली मला सगळ्यात ठळक दिसला. १७ मे रोजी तौक्ते वादळ रायगडच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रातून उत्तरेकडे गेलं. आदल्या वर्षीच्या निसर्ग वादळाने श्रीवर्धनच्या रोठा सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या होत्या, त्यामुळे या वेळी गावात कुणी झोपलं नाही. वादळ गुजरातेत शिरलं, विरलं, आमच्यापुरतं संपलं. पण त्याचं बाष्प हिमालयापर्यंत गेलं आणि ऐन शिखराच्या दिवसांत एव्हरेस्टवर बर्फ पडलं. आठवड्याभराने बंगालच्या उपसागरातल्या यासने तेच केलं. तंबूंत बसून वाट पाहणारे संघ अरबी समुद्राचे उपग्रहनकाशे बघत होते.

वाटेची अवस्था आता आणखी एका कारणाने बदलते आहे. साउथ कोलवरच्या, म्हणजे जवळजवळ आठ हजार मीटरवरच्या हिमनदीचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. सुमारे दोन हजार वर्षांत साचलेलं पंचावन्न मीटर जाडीचं बर्फ अवघ्या पंचवीस वर्षांत गेलं असा त्याचा निष्कर्ष होता. वरचं पांढरं हिम गेलं की उघडा पडलेला काळसर बर्फ ऊन जास्त पितो, आणि मग वेग वाढतच जातो. २०१२ चा कोरडा मोसम तेव्हा अपवाद वाटला होता. एप्रिल २०२३ मध्ये आइसफॉलने पुन्हा तिघा शेर्पांना नेलं. ते शिखराकडे नाही, पुढच्या कॅम्पांसाठी सामान घेऊन निघाले होते. २०२४ साली डॉक्टरांना पार जाणारी वाटच लवकर सापडेना. बर्फाचे पूल इतके कमी आणि कच्चे होते, की वाट उघडायला नेहमीपेक्षा उशीर झाला.

२०२५ च्या वसंतात शिड्या आणि दोर बेस कॅम्पवरून कॅम्प एकपर्यंत ड्रोनने नेले गेले. पायी सहा-सात तासांचं अंतर ड्रोन काही मिनिटांत कापतो, आणि तेवढ्या खेपा माणसाच्या वाचतात. पुढे कुठे भेग आहे हेही तो वरून दाखवतो. शिडी मात्र अजून माणूसच टाकतो, आणि तिच्यावर पहिलं पाऊलही त्याचंच असतं.